लाखात एक

मंडळी, जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी-नांदेड गावाकडे, एकाएकी लोकांचे हातपाय लुळे पडायला लागले. तोपर्यंत आमच्या ऑफिसात कुणी 'गियां-बारे' म्हटलं असतं तर बाणेरला नवीन फ्रेंच रेस्टॉरंट उघडलंय असंच वाटलं असतं. आठवडाभरात मात्र कँटीनमध्ये जो तो जीबीएसवर व्याख्यान देत होता. कँपायलोबॅक्टर म्हणजे काय, पाणी किती वेळ उकळायचं, इम्युनोग्लोब्युलिनचं एक इंजेक्शन कितीला पडतं, सगळं पाठ. एनआयव्हीने नमुने तपासले, केंद्राचं पथक येऊन गेलं, उपचार मोफत करण्याच्या घोषणा झाल्या. दोनशेच्या वर रुग्ण झाले आणि त्यातले बहुतेक घरी परतले.

एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. म्हणजे दुर्मिळच. तरीही एका अख्ख्या शहराने तो आठवड्यात शिकून घेतला. कारण तो सिंहगड रस्त्यावर झाला होता. तिथे फ्लॅट आहेत, त्यांचे हप्ते आपण भरतो, आणि तिथून टीव्हीचं ऑफिस जवळ पडतं.

आज मला त्याच घराण्यातल्या दुसऱ्या आजारांबद्दल लिहायचंय. आणि भांडायचंय. कुणाशी ते पुढे येईलच.

जीबीएसमध्ये होतं असं की पोटात जंतू जातो, शरीराचं सैन्य त्याच्यावर हत्यार तयार करतं, आणि त्या जंतूचा चेहरा नेमका आपल्याच नसांच्या आवरणासारखा असल्यामुळे सैन्य जंतू सोडून नसांवर तुटून पडतं. आता यातला जंतू काढा आणि तिथे कॅन्सरची गाठ ठेवा. काही गाठी अशी प्रथिनं बनवतात जी एरवी फक्त मेंदूत किंवा नसांमध्ये असतात. सैन्य गाठ ओळखतं, तिच्यावर अँटीबॉडी आणि लढाऊ पेशी सोडतं, आणि त्या मेंदूत, मणक्यात, नसा आणि स्नायूंच्या सांध्यावर जाऊन तिथलं तेच प्रथिन धरतात. कॅन्सर मेंदूत पसरलेला नसतो. तो फुप्फुसात नाहीतर अंडाशयात, कधी कधी वाटाण्याएवढा, गप्प बसलेला असतो. आणि माणूस मात्र चालताना झोकांड्या खातो, किंवा त्याची स्मृती जाते, किंवा भलतंसलतं बोलायला लागतो. याला डॉक्टर लोक 'पॅरानिओप्लास्टिक' म्हणतात. नाव जड आहे, पण एकदा म्हणून बघा, जीबीएससारखं हेही तोंडात बसेल.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजायला सोपं जावं. लॉगिन स्क्रीन लटकतेय म्हणून चार दिवस लॉगिनचा कोड उकरत बसावं आणि शेवटी कळावं की दोष तिसऱ्याच सर्व्हरवरच्या रात्री चालणाऱ्या जॉबमध्ये होता. इथे फरक एवढाच की लॉगिन रीस्टार्ट करता येतं. मेंदूतली पेशी एकदा गेली की गेली.

या आजारांमध्ये बऱ्याचदा मेंदूची किंवा नसांची तक्रार आधी येते आणि कॅन्सर नंतर सापडतो, काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी. म्हणजे शरीर स्वतः ओरडून सांगत असतं, आत कुठेतरी गाठ आहे, शोधा. जगात कुठल्या तपासणी शिबिरात सापडणार नाही इतक्या लवकर. आणि ही हाक कुणी ऐकत नाही, कारण ती चुकीच्या खिडकीतून येते. (जाता जाता: यातल्या काही अँटीबॉडींची नावं 'हू', 'यो', 'री' अशी आहेत. ती कुठल्या ग्रीक अक्षरांवरून आलेली नाहीत. ज्या रुग्णांच्या रक्तात त्या पहिल्यांदा सापडल्या त्यांच्या आडनावांची ती पहिली अक्षरं. मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर का होईना, माणूस शिल्लक राहिला.)

तर हे किती जणांना होतं? इटलीच्या एका प्रांतात काही वर्षं नीट मोजणी झाली, तिथे आकडा आला वर्षाला लाखामागे साधारण एक. आपल्याकडे तोच दर असेल असा माझा दावा नाही, आपली लोकसंख्या त्यांच्यापेक्षा तरुण आहे. पण अंदाज घ्यायला काय हरकत आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. लाखात एक म्हणजे वर्षाला अकराशे. निम्मे धरा, साडेपाचशे. जीबीएसच्या साथीतल्या आकड्यापेक्षा हे जास्तच आहेत, फक्त एका रस्त्यावर आणि एका महिन्यात नाहीत. त्यामुळे त्यांची बातमी होत नाही.

आणि माझं गाव? पेठ. पुण्याच्या मित्रांना दरवेळी सांगावं लागतं, सदाशिव नाही, नारायण नाही, नुसतं पेठ. नाशिकहून गुजरातकडे धरमपूरच्या रस्त्याला लागलं की सावळघाट उतरून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. पावसाळ्यात ढग दारात येऊन बसतात. भात, नागली, वरई, आणि पाऊस संपला की अर्धा तालुका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला. कोकणा, महादेव कोळी, वारली. तालुक्याची लोकसंख्या २०११ साली एक लाख वीस हजारांच्या आसपास. आता करा गुणाकार. वर्षाला एक. फार ताणायचं नसेल तर दोन-तीन वर्षांत एक.

'लाखात एक' हे आपण लग्नाच्या स्थळाबद्दल म्हणतो. माझ्या तालुक्यात ती लाखात एक कोण होती, हे कुणालाच माहीत नाही.

मला एकीचा संशय आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आम्ही तिकडच्याच एका गावात राहायचो, साल १९९५-९६. वडलांच्या वर्गात पूर्वी शिकून गेलेली एक मुलगी, वय असेल अठरा-एकोणीस, लग्न ठरलेलं. आधी चार दिवस डोकं दुखलं, ताप आला. मग रात्र रात्र जागायला लागली. मग बोलायला लागली, आणि काय बोलायची ते मी इथे लिहीत नाही, पण त्या शांत मुलीच्या तोंडचे ते शब्द नव्हते. मग आकडी. मग तोंडाची विचित्र हालचाल, काही चघळत असल्यासारखी, तासन्‌तास. मग एक दिवस हात वर उचललेला तसाच राहिला.

भगत आला. रात्रभर बसला. तांदूळ टाकले, कोंबडं झालं. तो गेल्यावर तिचा बाप आमच्या ओट्यावर येऊन बसला. "गुरुजी, तुमी सांगाल तसं करू." वडील म्हणाले, नाशिकला न्या. नेलं. तिथे एका डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की लग्नाचं टेन्शन घेतलंय, मनाचा आजार आहे, झोपेच्या गोळ्या द्या. परत आणली. दीड-दोन आठवड्यांनी श्वास थांबला.

तिला काय झालं होतं हे मी सांगू शकत नाही. मेंदूज्वर असेल, मेंदूत चढलेला मलेरिया असेल. आमच्याकडे ते दोन्ही कितीतरी जास्त होतात आणि कुठल्याही डॉक्टरने आधी त्यांचाच विचार केला पाहिजे. तपासणी झाली नाही, कागद नाहीत. पण २००९-१० च्या सुमारास, कंटाळवाण्या नाइट शिफ्टमध्ये, नेटवर भटकताना मी एका आजाराचं वर्णन वाचलं आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. डोकेदुखी, ताप, निद्रानाश, भ्रम, आकडी, तोंडाच्या चघळल्यासारख्या हालचाली, शरीर पुतळ्यासारखं गोठणं, श्वास मंदावणं. ओळीने. जणू कुणी आमच्या ओट्यावर बसून लिहून घेतलंय.

आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. २००५ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार तरुण स्त्रियांची गोष्ट छापली: एकाएकी वेडाची लक्षणं, आणि चौघींच्याही अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ. टेराटोमा हा प्रकार ऐकायला भयंकर आहे, त्यात केस असतात, दात असतात, आणि कधी कधी चक्क मेंदूसारखा भाग असतो. बहुतेक वेळा तो कॅन्सरही नसतो, साधी गाठ असते. त्या गाठीतल्या मेंदूवर शरीर अँटीबॉडी सोडतं, आणि डोक्यातल्या खऱ्या मेंदूची शिकार होते. २००७ मध्ये त्यांनी नेमकी कुठल्या जागेवर हा हल्ला होतो ते शोधलं; त्या निबंधात बाराजणी होत्या, सगळ्यांना टेराटोमा, अकराजणींना अंडाशयात.

पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुझाना कॅहालान नावाची चोवीस वर्षांची पत्रकार याच आजाराने पडली. तिचं पुस्तक 'ब्रेन ऑन फायर' २०१२ मध्ये आलं आणि गाजलं, तुमच्यातल्या काहींनी त्यावरचा सिनेमाही पाहिला असेल. तिलाही आधी एका डॉक्टरने दारू जास्त होतेय, काम जास्त होतंय, असंच सांगितलं होतं. मग सुहेल नज्जार नावाच्या डॉक्टरांनी तिच्या हातात कागद-पेन दिलं आणि सांगितलं, घड्याळ काढ. तिने सगळे आकडे एकाच बाजूला काढले. म्हणजे मेंदूची एक बाजू सुजली आहे. कागद आणि पेन! (तिच्या अंगात गाठ नव्हती, हेही सांगायला हवं. या आजाराच्या निम्म्याहून थोड्या कमी बायकांमध्येच गाठ सापडते. उपचार दोन्हीकडे जवळपास तेच, गाठ असली तर ती काढायची, एवढं जादा.)

आता हिशेब बघा. १९९५ साली भगत चुकला, हे खरं. नाशिकचे डॉक्टरही चुकले. पण त्या वर्षी न्यूयॉर्कमधलेही चुकलेच असते, कारण हा आजार तोवर कुणाला सापडलाच नव्हता. म्हणून त्या मुलीबद्दल मी कुणाला दोष देत नाही. तिच्या बापाला तर नाहीच नाही. त्याने त्याला माहीत असलेले सगळे दरवाजे ठोठावले.

माझं भांडण २००७ नंतरचं आहे.

२०१३ साली या आजाराच्या ५७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिलं तर पाचातले चार जण चांगले सुधारलेले होते, आणि उपचार जितका लवकर तितकं बरं होणं जास्त. पाचातले चार! मेंदू पेटलेला, व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येऊन पत्रकारिता करतो. कॅन्सरच्या सावलीतल्या सगळ्या आजारांचं असं नसतं, 'यो' आणि 'हू' वाल्यांमध्ये पेशीच मरतात, तिथे आहे तेवढं वाचवणं हातात असतं. पण हा आजार परतीचं तिकीट असलेला आहे. आणि उपचार कुठले? आधी स्टेरॉइड, ते स्वस्त. मग प्लाझ्मा बदलणं किंवा इम्युनोग्लोब्युलिन, ते महाग. नाही भागलं तर सायक्लोफॉस्फामाइड, जे जुनं आणि स्वस्त आहे, नाहीतर रिटुक्सिमॅब. रिटुक्सिमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती कुणी आणली माहितीये? हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने, रेडिटक्स, साल २००७. ज्या वर्षी तिकडे आजार सापडला त्याच वर्षी इकडे आपण औषध स्वस्त केलं! ज्ञान आलं, औषध आलं. सावळघाट मात्र दोघांनाही उतरता आला नाही.

माझा एक शाळासोबती डॉक्टर झाला, आदिवासी पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आहे (जिल्हा सांगत नाही, त्याची नोकरी आहे). त्याला मी विचारलं, असं पोरगं-पोरगी आली तर तुझ्या डोक्यात हे येतं का? तो हसला. म्हणाला, "अरे, एमबीबीएसला एक ओळ होती. परीक्षेत आली नाही. इथे साप, बाळंतपणं, ताप आणि दारू. वेडं बोलणारी पोर आली की मी मलेरियाची पट्टी लावतो, ग्लुकोज बघतो आणि पुढे पाठवतो. पुढचा त्याच्या पुढे पाठवतो." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "सोनोग्राफीचं मशीन आहे. चालवणारा आठवड्यातून एकदा येतो. तोही बाळंतपणांसाठी."

हे ऐकून तुम्ही मान डोलावली असेल. सरकारी यंत्रणा, वगैरे. थांबा, आपलीही पाळी आहे.

आपण शहरातले लोक भगताला हसतो. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, त्याला उपचारापासून अडवणं गुन्हा ठरलं. उत्तम झालं, व्हायलाच हवं होतं. पण मला सांगा, 'बाहेरची बाधा' आणि 'स्ट्रेस' यांत फरक काय? दोन्ही शब्द तपासणी थांबवतात. भगत म्हणतो, लागीर झालंय. आपण म्हणतो, टेन्शन घेतलंय, ब्रेकअप झालाय, अ‍ॅटेन्शन हवंय, अप्रेझल खराब गेलंय. आमच्याच टीममधल्या एका मुलीला मागे अचानक काही आठवेना, भलतंच बोलायला लागली, तर एचआरने तिला मेडिटेशनच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन दिलं. (तिला थायरॉइडचा काही त्रास निघाला, आता ठीक आहे. पण तो शोधला तिच्या आईने.) भगत निदान रात्रभर बसतो तरी! घरच्यांना विचारतो, कधीपासून, काय खाल्लं, कुठे गेली होती. आपल्याकडे पाच मिनिटं मिळतात, त्यातली दोन मोबाइलवर.

मानसिक आजार खोटे असतात असं मी म्हणत नाहीये, कृपया कमेंटमध्ये त्यावरून तलवारी काढू नका. ते खरेच असतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तेच असतील. माझा आक्षेप 'मनाचं आहे' या निष्कर्षाला नाही, तो काहीही न तपासता काढण्याला आहे. कालपर्यंत धड असलेली व्यक्ती दोन आठवड्यांत वेडी होते, तिला आकडी येते, ताप येऊन गेलेला असतो, आणि तरीही कुणी पोटाची सोनोग्राफी करत नाही, पाठीतलं पाणी तपासत नाही, ही अंधश्रद्धाच. पदवी असलेली.

भगताला शत्रू न करताही हे होऊ शकतं. गुजरातमध्ये उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे झपाटलेली म्हणून माणसं आणतात. तिथेच 'दवा-दुआ' नावाने मनोविकाराचे डॉक्टर बसवले. दुआ करणारेच रुग्णाला शेजारच्या खोलीत पाठवतात. आमच्याकडच्या भगताला एवढंच शिकवा: ताप येऊन गेला असेल आणि आकडी आली असेल तर तांदूळ टाकायच्या आधी गाडी बोलाव. तो ऐकेल. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

आता दुसरी बाजू, म्हातारी माणसं. आमच्याकडे बिडी ओढत नाही असा म्हातारा शोधावा लागतो. समजा एकाला उकिडवं बसलेलं उठता येईना. मांड्यांत जोर नाही, तोंड कोरडं पडतं. गंमत म्हणजे थोडी हालचाल केली की जोर जरा वाढतो. डॉक्टर म्हणतो संधिवात, मुलगा म्हणतो वय झालं, मग ताकदीचं सलाईन. या आजाराचं वर्णन लँबर्ट, ईटन आणि रूक यांनी १९५६ मध्ये केलं, म्हणजे सत्तर वर्षं होत आली. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर निघतो, जो जवळजवळ सगळा धूम्रपानाचा. म्हणजे मांडीतला अशक्तपणा हा छातीचा फोटो काढायचा निरोप असतो. आपण गुडघ्याला तेल चोळतो.

या आजारावर एक औषध आहे, अमिफँप्रिडीन. आणि इथे 'दुर्मिळ' या शब्दाचा दुसरा धंदा दिसतो. अमेरिकेत जेकबस नावाची छोटी कंपनी हे औषध वर्षानुवर्षं रुग्णांना फुकट देत होती. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅटलिस्ट या कंपनीला त्याच रसायनाची अधिकृत मंजुरी मिळाली, दुर्मिळ आजाराचं औषध म्हणून सात वर्षांची मक्तेदारी मिळाली, आणि किंमत लागली वर्षाला ३,७५,००० डॉलर. काल फुकट, आज पावणेचार लाख डॉलर! बर्नी सँडर्सनी फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात जेकबसला लहान मुलांपुरती मंजुरी मिळाली, तर कॅटलिस्ट कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये जिंकली. सगळं कायद्यानुसार. दुर्मिळ आजारांवर कुणी औषध काढत नाही म्हणून १९८३ मध्ये केलेला कायदा, त्याचा हा उपयोग.

म्हणजे बघा, एकच शब्द. अमेरिकेत 'दुर्मिळ' म्हटलं की किंमत लाखपट होते. पेठेत 'दुर्मिळ' म्हटलं की फाइल बंद होते. दोन्हीकडे रुग्ण तोच, मांडीत जोर नसलेला.

आपलंही दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, २०२१ चं. २०२२ पासून रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत, मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. चांगलंच आहे. पण यादीतले बहुतेक आजार जन्मजात, जनुकातले, मुलांचे. वीस वर्षांच्या मुलीला एका आठवड्यात झालेला आजार त्या चौकटीत बसत नाही. मग महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आता पाच लाखांपर्यंत. ती पॅकेजवर चालते, आणि पॅकेज निदानापासून सुरू होतं. गाठ सापडली की कॅन्सरचं पॅकेज आहे. पण इथे तर सगळा खर्च, सगळी धावपळ, गाठ शोधण्यातच आहे! अँटीबॉडीची चाचणी, पाठीतलं पाणी, एमआरआय, सीटी, लागलं तर पेट-सीटी. पेठेतून पेट-सीटीपर्यंत पोचायला (शब्दखेळाबद्दल माफी) कुठलंच पॅकेज नाही. 'संशय' या नावाचं पॅकेज कुणी काढलं तर मी त्याला पार्टी देईन.

तुम्ही म्हणाल, जिथे बाळंतपणाला डॉक्टर मिळत नाही तिथे हे कसले लाड? हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण तो शहाण्यासारखा दिसतो. मी पेठेत पेट-सीटी मशीन मागत नाहीये. जे मशीन आहे ते आठवडाभर चालवणारं माणूस मागतोय, जो बाळंतपणालाही लागतोच. डॉक्टरच्या टेबलावर दोन ओळींचा कागद मागतोय: तरुण व्यक्ती, अचानक वेड अधिक आकडी, तर मेंदूज्वर-मलेरिया बघून झाल्यावर पोटाची सोनोग्राफी आणि मेंदूच्या डॉक्टरला फोन, आणि बिडी ओढणारा माणूस, नव्याने आलेला अशक्तपणा, तर छातीचा फोटो. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते, साध्या फोटोत फुप्फुसातलीही निसटते, कबूल. पण न बघितलेली गाठ शंभर टक्के निसटते.

आणि लहान जागेतून काही होत नाही असं कुणी म्हणू नये. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची आणि त्यावरही मंत्रच चालायचा. त्या माणसाने रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहून काढला, 'लॅन्सेट'ला कळवलं, रक्तदाबाचं प्राझोसिन नावाचं साधं औषध वापरून मृत्यू जवळपास थांबवले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे काय होतं? डोळे, वही, आणि 'हे असंच असतं' हे वाक्य न मानायचा हट्ट.

आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, काय आहे? कंपनीचं वार्षिक हेल्थ चेकअप. साठ-सत्तर चाचण्या, ड जीवनसत्त्व कमी, आणि डाएटिशियनचा फोन. आता हे वाचून पाय जड वाटला म्हणून कुणी छातीचा सीटी काढायला पळू नका. अँटीबॉडीच्या या चाचण्या विनाकारण केल्या तर खोट्या पॉझिटिव्हही येतात, मग निस्तरत बसाल. एका मित्राने मला विचारलं, "मग मी करू काय?" मी म्हटलं, "तू जिथे काम करतोस ती कंपनी दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवते ना? त्यात 'वेडं बोलणं' आणि 'आकडी' या दोन खुणा एकाच आठवड्यात पडल्या तर स्क्रीनवर एक पिवळी पट्टी दाखवायला किती ओळी लागतील?" तो म्हणाला, "चाळीस. पण रिक्वायरमेंट कोण देणार?"

मग ही घे रिक्वायरमेंट, लिहून देतो. डॉक्टर शाळासोबत्याला दाखवली, त्याने मलेरियाची ओळ वर घ्यायला सांगितली, घेतली. 'एज केस' म्हणून बंद करशील तर मी पुन्हा उघडणार आहे.

दिवाळीत पेठेला जाऊन आलो. त्या मुलीचं घर आता भावाकडे आहे, स्लॅब टाकलाय. तिचा बाप अजून आहे, खूप थकलाय, ओट्यावर बसलेला असतो. मला ओळखलं. "गुरुजींचा ना तू? मोठा कंप्युटरवाला झालास म्हणं." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "काय झालं होतं रं तिला? तुमच्या त्याच्यात दिसतं का?"

मी म्हटलं, "काका, दिसत नाही. कागद नाहीत ना."